टाइलमागचं पाणी

महाराष्ट्रात नव्या घरात टाइल्स बसतात, तेव्हा त्या बहुधा गुजरातेतल्या, मच्छू नदीकाठच्या मोरबीहून आलेल्या असतात. टाइल घडते मातीतून हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती बिघडते कित्येकदा पाण्यामुळे.

बॉलमिलमध्ये माती, फेल्डस्पार, क्वार्ट्झ पाण्यासोबत दळून स्लरी करतात. मातीच्या कणांवर ऋणभार असतो. सोडियम सिलिकेट घातलं की ते एकमेकांना दूर ढकलतात आणि थोड्या पाण्यातही स्लरी वाहती राहते. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतील, तर कण एकमेकांना चिकटतात, स्लरी घट्ट होते आणि मिलवरचा माणूस पाणी वाढवतो. हा सोपा उपाय फार महाग पडतो. स्लरीत 34 टक्के पाणी आणि ती वाळवणाऱ्या स्प्रे ड्रायरमधून निघणाऱ्या पावडरीत 6 टक्के ओल धरली, तर 100 किलो कोरड्या मालामागे सुमारे 45 किलो पाणी वाफ करून उडवावं लागतं. स्लरीतलं पाणी 38 टक्क्यांवर गेलं की तेच 55 किलो होतं. इंधनही त्या मानाने वाढतं.

सौराष्ट्रात पाण्याची उधळण परवडत नाही, तेव्हा धुण्याचं आणि पॉलिशिंगचं पाणी पुन्हा वापरणं योग्यच. खरी गोम मात्र तिथेच आहे. निवळण टाकीत तुरटी किंवा पॉलिमर घालून कण एकत्र आणतात, खाली बसवतात. बॉलमिलला हवं असतं नेमकं उलट. वर आलेलं पाणी नितळ दिसतं, पण विरघळलेले क्षार त्यात तसेच राहतात आणि दर फेरीला वाढत जातात. पॉलिशिंगच्या गाळातलं सिलिकॉन कार्बाइड मालात मिसळलं, तर भट्टीत वायू सुटून टाइल फुगते, तिला छिद्रं पडतात.

सांडपाण्याची किंमत मोरबीने मोजलेली आहे. कोळशापासून वायू करणाऱ्या गॅसिफायरमधून डांबर आणि फिनॉल असलेलं पाणी निघे. मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ते गॅसिफायर बंद करायला लावले आणि कारखाने नैसर्गिक वायूकडे वळले. वायू कोळशाहून महाग, त्यामुळे जिथे स्प्रे ड्रायरही वायूवर चालतो तिथे स्लरीतलं जादा पाणी थेट बिलात दिसतं.

कारखानदारांनी बोअरचं आणि फेरवापराचं पाणी वेगळ्या टाक्यांत ठेवावं, मोजून मिसळावं. मातीचा नवा ट्रक आला की नमुना प्रयोगशाळेत जातो. टाकीतल्या पाण्याचाही रोज गेलाच पाहिजे.