सहा तारा आणि पहिले नव्वद दिवस

आपल्याकडील अनेक घरांत कपाटाच्या माथ्यावर किंवा दारामागे काळ्या कापडी पिशवीत बंद केलेली एखादी गिटार आढळते. कोणी ती महाविद्यालयीन वयात हौसेने घेतलेली असते, तर कोणी निवृत्तीनंतर करावयाच्या गोष्टींच्या यादीत तिला वरचे स्थान दिलेले असते. ती वाजवणे का थांबले, असे विचारले की उत्तरे ठरावीक मिळतात. वेळ मिळाला नाही, बोटे दुखत असत, किंवा ‘ते आपल्याला जमण्यातले नाही.’ यांपैकी तिसरे उत्तर सर्वांत घातक आणि बहुधा निराधार असते. गिटार हातातून सुटते ती बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. आणि त्या काळात जे काही घडते त्याचा उपजत प्रतिभेशी फारच थोडा संबंध असतो. बोटांची त्वचा, मनगटाची ठेवण, तारांची उंची आणि आपल्या अपेक्षा या चार गोष्टींवर सारे अवलंबून असते. या चारही गोष्टी समजून घेता येतात. म्हणूनच वयाच्या चाळिशीत, पन्नाशीत किंवा साठीतही हे वाद्य हाती घेण्यास हरकत नाही.

वाद्याची ओळख

आज आपण पाहतो त्या गिटारीची घडण प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील आहे. स्पेनमधील आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) या कारागिराने तिच्या लाकडी पेटीचा आकार आणि आतील आधारपट्ट्यांची रचना अशी बसवली की पुढील कारागिरांनी तीच प्रमाण मानली. दुसरी परंपरा अमेरिकेतील. सॅक्सनीतून १८३३ साली न्यूयॉर्कला गेलेल्या सी. एफ. मार्टिन यांनी सुरू केलेल्या कारखान्यासारख्या ठिकाणी पुढे पोलादी तारांची, मोठ्या आवाजाची गिटार घडली. दुकानात आज सर्रास दिसणारा रुंद कमरेचा ‘ड्रेडनॉट’ हा आकार याच परंपरेतला. त्याला नाव मिळाले ते एका ब्रिटिश युद्धनौकेचे.

भारतातही या वाद्याने निरनिराळी रूपे घेतली. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार आडवी मांडून तारांवरून धातूची कांडी सरकवीत राग वाजवले. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आजही ऐकली जाते. विश्वमोहन भट्ट यांनी याच वाटेने मोहनवीणा घडवली आणि १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळवला. गायक म्हणून आपल्याला परिचित असलेले भूपिंदर सिंग (१९४०–२०२२) हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटारही वाजवीत. शिलाँगसारख्या ईशान्येकडील शहरात तर गिटार ही घरोघरची वस्तू आहे. २००७ साली तेथे सतराशेहून अधिक वादकांनी एकाच वेळी एक गाणे वाजवून विक्रम नोंदवला होता. गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांतून शिकलेल्या कलावंतांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताला दिलेले योगदान सर्वश्रुतच आहे. तेव्हा गिटार परकी आहे, हा संकोच मनातून काढून टाकावा.

निवड कशी करावी

नवशिक्यापुढील पहिला प्रश्न तारांचा. नायलॉनच्या तारांची ‘क्लासिकल’ गिटार बोटांना मऊ लागते. मात्र तिची दांडी रुंद असल्याने लहान हातांना ती थोडी अवघड जाते. पोलादी तारांची गिटार आवाजाला खणखणीत असते व गाण्याच्या साथीला शोभते. पण तिच्या सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे सत्तर किलो असतो. प्रारंभीच्या वेदनेचे मूळ याच ताणात आहे. पोलादी तारांचीच आवड असेल तर बारीक तारांचा संच बसवून घ्यावा, म्हणजे ताण कमी होतो. अंगाने लहानखुऱ्या व्यक्तीने ड्रेडनॉटऐवजी आटोपशीर पेटीची गिटार निवडावी. उजवा खांदा वर उचलला न जाता हात तारांवर विसावला पाहिजे.

किमतीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे दांडीपासून तारांची उंची. तारा फार उंच असतील तर दाबण्यास दुप्पट जोर लागतो आणि शिकणारा स्वतःलाच दोष देत बसतो. ही उंची जाणकार कारागीर थोड्या वेळात कमी करून देतो. घरात जुनी गिटार पडून असल्यास नवी घेण्यापूर्वी तीच कारागिराकडे न्यावी. गंजलेल्या तारा बदलून उंची नीट केली की पुष्कळदा ती उत्तम वाजू लागते.

आपल्या देशाच्या हवामानाचाही विचार हवा. कोकणात किंवा कोलकात्यात पावसाळ्याच्या दमट हवेने लाकूड फुगते व तारा उंचावतात. नागपूर किंवा दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसते आणि क्वचित तडकतेही. पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता गिटारीला मानवते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती कधीही ठेवू नये.

सुरांचे गणित

ज्यांना पेटी ठाऊक आहे त्यांना गिटारीची रचना लगेच उमगेल. सतारीप्रमाणेच गिटारीच्या दांडीवर पडदे असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. एकेक फ्रेट म्हणजे पेटीची काळी-पांढरी धरून पुढची एकेक पट्टी. बाराव्या फ्रेटपाशी तारेची लांबी निम्मी होते आणि सूर वरच्या सप्तकात जातो.

जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना सुट्या तारांचे सूर ई, ए, डी, जी, बी आणि ई असे असतात. आपल्या भाषेत सांगायचे तर कोणतीही तार षड्ज मानली की तिच्या पुढची तार तिचा शुद्ध मध्यम असते. अपवाद एकच. तिसऱ्या तारेच्या मानाने दुसरी तार शुद्ध गंधार असते. म्हणूनच एका तारेच्या पाचव्या फ्रेटवरील सूर पुढील सुट्या तारेशी जुळतो. फक्त तिसऱ्या तारेसाठी चौथा फ्रेट धरावा लागतो. सूर जुळवण्यासाठी भ्रमणध्वनीवरील ट्यूनर जरूर वापरावा, परंतु आठवड्यातून एकदा तरी केवळ कानाने तारा जुळवून मग यंत्राने पडताळावे. कान तयार होण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

बोटे आणि वेदना

पहिल्या आठवड्यात डाव्या हाताच्या बोटांची टोके दुखतात, लाल होतात. हे स्वाभाविक आहे. नियमित सरावाने साधारणतः तीन-चार आठवड्यांत तेथील त्वचा घट्ट होते आणि वेदना मागे पडते. मध्येच पंधरा दिवस खंड पडला तर ही कमाई बरीचशी वाया जाते. म्हणून रविवारी सलग दोन तास वाजवण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसणे श्रेयस्कर. आवर्ती ठेवीचे तत्त्व जाणणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळे सांगावयास नको.

वेदना कमी करण्याचा उपाय जोरात नसून जागेत आहे. बोट फ्रेटच्या धातूला लागून, किंचित मागे टेकवले तर अल्प दाबातही सूर स्वच्छ निघतो. दोन फ्रेटच्या मध्यावर ठेवले तर जोर लावूनही तार खरखरते. अंगठा दांडीच्या मागे सैल टेकलेला असावा आणि डाव्या हाताची नखे कापलेली असावीत. बोटांच्या टोकांचे दुखणे सोसावे. मात्र मनगटात किंवा कोपरात कळ येऊ लागली, मुंग्या आल्या, तर त्वरित थांबावे व बसण्याची पद्धत तपासावी. ही तपासणी चित्रफितीतून होत नाही. त्यासाठी आरंभीचे काही धडे तरी शिक्षकासमोर बसून घ्यावेत.

एका वेळी एकच बोट

आपल्या संगीतात एकामागून एक स्वर येतात. गिटारीच्या साथीत तीन किंवा अधिक स्वर एकत्र वाजतात. या समूहाला कॉर्ड म्हणतात. सी हा षड्ज धरला तर सी कॉर्डमध्ये सा, ग, प हे स्वर येतात आणि ए मायनरमध्ये ध, सा, ग. म्हणजे सा आणि ग कायम राहून पंचमाच्या जागी धैवत आला, एवढाच फरक. गंमत अशी, की बोटांतही तेवढाच फरक पडतो. तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर व मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर जसेच्या तसे राहते. केवळ अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून उठून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर येते. पहिला सराव या जोडीचा करावा. नंतर ई मायनर, जी, डी घ्यावेत. तर्जनी आडवी ठेवून सर्व तारा दाबावयाचा एफ कॉर्ड पहिल्या महिन्यात बाजूला ठेवावा; त्यापाशी अडून अनेकांनी वाद्यच सोडले आहे.

घड्याळ लावून एका मिनिटात दोन कॉर्डची किती वेळा अदलाबदल होते, ते मोजावे आणि वहीत तारीखवार लिहावे. आज आठ, पंधरा दिवसांनी वीस, असा आकडा वाढत जातो. आपल्या कानाला प्रगती ऐकू येण्याआधी ती या वहीत दिसू लागते, आणि निराशेच्या दिवशी तोच आधार ठरतो.

उजव्या हाताचे काम तालाचे. प्रारंभी प्रत्येक मात्रेला वरून खाली एकच आघात द्यावा. केरव्याच्या आठ किंवा दादऱ्याच्या सहा मात्रा तोंडाने मोजाव्यात. कॉर्ड चुकला तरी उजवा हात थांबू देऊ नये. सूर चुकला तर ऐकणारा विसरतो, ताल तुटला तर त्याच्या लगेच ध्यानात येते.

चुकण्याची मुभा

प्रौढ वयात शिकताना खरी अडचण बोटांची नसतेच. ज्यांचे आयुष्य अचूकतेत गेले, ज्यांना दिवसअखेर पैशापैशाचा मेळ बसवल्याशिवाय उठण्याची सवय नाही, त्यांना बेसूर होणे सहन होत नाही. घरातील मंडळी ऐकत आहेत, नातवंडे हसत आहेत, या संकोचाने हात आखडतो. बँकेच्या खतावणीत चूक राहून चालत नाही. गिटारीवर मात्र चुकल्याशिवाय पुढची पायरी सापडत नाही. रोजची ही वीस मिनिटे हिशेबाबाहेरची मानावीत. कोणापुढे सादर करावयाचे नाही, कोणाशी स्पर्धा नाही, असे एक कार्य प्रत्येकाच्या दिवसात असावे.

मग नव्वद दिवसांच्या अखेरीस पदरात काय पडते? रोज वीस मिनिटांप्रमाणे तीस तासांचा सराव, चार-पाच कॉर्ड, कानाने तारा जुळवण्याची तोंडओळख, आणि सोप्या चालीचे एखादे गाणे अडखळत का होईना पण शेवटपर्यंत वाजवण्याची क्षमता. ही जमा लहान वाटेल. परंतु एवढी जमा झाल्यावर गिटार सोडून देणारे विरळाच. कारण तोवर बोटे दुखेनाशी झालेली असतात आणि गाणे सुरू झालेले असते.