सुई टोचली, पुरावा कोणी द्यायचा?

कामावर बोट गेले तर कमाईची क्षमता किती टक्के घटली असे धरायचे आणि डोळा गेला तर किती, तो तक्ता या आठवड्यात देणार होतो. तो पुढच्या अंकात. कारण गेल्या भागानंतर एका प्रयोगशाळा तंत्रज्ञ वाचक भगिनीने विचारलेला प्रश्न तक्त्याच्या आधी यायला हवा होता. रक्त काढताना त्यांना सुई टोचली, काही महिन्यांनी तपासणीत ‘ब’ कावीळ निघाली आणि रुग्णालयाचे म्हणणे असे, की ही कावीळ इथेच झाली हे तुम्ही सिद्ध करा. ते कसे करायचे, असे त्या विचारतात. वेतन, गुणक, वयाचा आकडा हे भरपाईची रक्कम काढण्याचे गेल्या वेळचे सगळे गणित या उंबरठ्याच्या आतले आहे. बहुतेक परिचारिका, वॉर्डबॉय, मावशी आणि सफाई कामगार उंबरठ्यावरूनच परत फिरतात.

कायद्याचे उत्तर असे, की हे त्यांनी सिद्ध करायचे नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला आणि १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याला, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या ईएसआयला, व्यावसायिक आजारांची एक अनुसूची जोडलेली होती; दोन्हीकडे ती तिसरीच. तिचे तीन भाग आहेत. भाग ‘अ’ मधली पहिलीच नोंद संसर्गजन्य आजारांची आहे आणि ते ज्या कामांत होतात त्यांत आरोग्यसेवेचे आणि प्रयोगशाळेचे काम सर्वांत वर आहे. भाग ‘ब’ मधल्या आजारांना, उदाहरणार्थ क्ष-किरण विभागातल्या किरणोत्साराच्या दुखण्यांना, त्या नोकरीत सलग सहा महिने काम झालेले असावे लागते. भाग ‘अ’ ला ही अट नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात संसर्ग झाला तरी चालतो. आणि या भागातला आजार त्या कामातल्या माणसाला झाला, की तो कामामुळे झालेला अपघातच गृहीत धरायचा, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. कलमांचे क्रमांक बदलले. अनुसूची मात्र तिसरीच राहिली.

यावर पहिला आक्षेप रुग्णालयांचा असतो आणि तो वजनदार आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. परिचारिकेला क्षय झाला तर तो वॉर्डात झाला, लोकलमध्ये झाला की चाळीतल्या शेजाऱ्याकडून आला, हे कोण सांगणार? मालकाने कशाचे पैसे भरायचे? पण हा आक्षेप नीट पाहिला तर तो कायद्याच्याच बाजूने बोलतो. उगम सांगता येत नाही म्हणून तर गृहीतक लागते. सांगता आला असता तर गृहीतकाची गरजच नव्हती. ज्या माणसाने रोज खोकणाऱ्या पेशंटच्या तोंडासमोर उभे राहायचे, त्याचा धोका इतरांहून जास्त आहे हे मान्य करून शंकेचा फायदा त्याला द्यायचा, असा हा सरळ व्यवहार आहे. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना क्षय जडल्याच्या आणि त्यात काहींचा जीव गेल्याच्या बातम्या मुंबईने वर्षानुवर्षे वाचल्या आहेत. त्या प्रत्येक घरातल्या माणसांनी जंतूचा प्रवास शोधून आणावा, अशी अपेक्षा कुठल्याही न्यायबुद्धीला पटणार नाही.

शिवाय उलट सिद्ध करण्याची साधने मालकाच्याच हातात आहेत, आणि माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ वाचा. कचऱ्याचे नियम म्हणून वकीलही ते बाजूला ठेवतात. त्यात प्रत्येक रुग्णालयावर बंधन आहे: कचरा हाताळणारे आणि आरोग्य कर्मचारी यांची नोकरीत घेताना आणि नंतर वर्षातून एकदा तरी तपासणी करायची, तिच्या नोंदी जपायच्या, ‘ब’ काविळीची आणि धनुर्वाताची लस द्यायची. भरतीच्या वेळी रक्त निर्दोष होते ही नोंद रुग्णालयाच्या कपाटात असली पाहिजे. ती असेल तर संसर्ग नोकरीच्या काळातला आहे हे उघड होते. ती नसेल तर नियम रुग्णालयाने मोडला, आणि त्या मोडण्याचा फायदा त्यालाच मिळावा हे विचित्र ठरेल. लसीची गोष्टही तशीच. लस न घेतलेल्या माणसाला ‘ब’ काविळीच्या रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत ती हजारात तीनच्या आसपास असते. म्हणजे सगळे ज्याला घाबरतात त्याहून कावीळ कितीतरी जास्त धोक्याची, आणि ती लसीने टळणारी.

याच नियमांत एक जागा मला फार खटकते. ‘मोठा अपघात’ या व्याख्येतून सुई टोचणे स्पष्टपणे वगळलेले आहे. मोठा अपघात तात्काळ कळवायचा. बाकीचे वार्षिक अहवालात. पर्यावरणाच्या दृष्टीने ते बरोबर असेल, कारण एका सुईने गावाचे पाणी बिघडत नाही. पण व्यवहारात याचा अर्थ असा होतो, की भरपाईसाठी सर्वांत मोलाची असलेली नोंद त्याच दिवशी करण्याची घाई कोणालाच वाटत नाही. रात्रपाळीला सुई टोचते, सिस्टर नळाखाली हात धुते आणि पुढच्या पेशंटकडे जाते. खरे तर अशा वेळी एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे देण्याची सक्ती एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ च्या १९ व्या कलमाने आरोग्यसंस्थांवर केली आहे. ती औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. उपचारासाठी त्या वेळी जी रक्ततपासणी होते, तीच पुढे भरपाईच्या दाव्यातला सर्वांत भक्कम कागद असते. त्या दिवशी रक्त निर्दोष आणि काही महिन्यांनी सदोष, याहून चांगला पुरावा कोणता? खोट्या दाव्यांची भीती घालणाऱ्यांनाही याच कागदात उत्तर आहे.

दुसरा आक्षेप ‘चूक तिचीच’ हा. सुईवर परत टोपण का बसवले? हातमोजे का नव्हते? भरपाईचा कायदा निष्काळजीपणा विचारत नाही. नशा, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणे किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकणे, एवढ्याच सबबी मालकाला आहेत. आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर त्याही चालत नाहीत. वॉर्ड भरलेला असताना घाईत झालेली चूक यातल्या कशातच बसत नाही. छोट्या नर्सिंग होमला हे झेपणार नाही, या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यासाठीच तर विमा आहे. ईएसआयमध्ये मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के. ओझे अनेकांत वाटले जाते.

गृहीतक नसले तर काय होते ते कोविडने दाखवले. केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी मार्च २०२० मध्ये ५० लाखांचा विमा जाहीर केला. रक्कम भरपाई कायद्याच्या आकड्यांपुढे मोठी, पण पात्रता दावेदाराने दाखवायची. नवी मुंबईत महापालिकेच्या नोटिशीनंतर दवाखाना चालू ठेवलेल्या एका खासगी डॉक्टरांचा जून २०२० मध्ये मृत्यू झाला. त्यांची सेवा सरकारने अधिग्रहित केली होती का, एवढ्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पत्नीची याचिका फेटाळली. अशा डॉक्टरांच्या सेवा अधिग्रहित झाल्या होत्या, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते डिसेंबर २०२५ मध्ये. तरीही मृत्यू कोविड सेवेतच झाला हे दाखवण्याचा भार कुटुंबावरच राहिला.

आता त्या भगिनींचा दुसरा प्रश्न. टोचल्याची लेखी तक्रार त्यांनी दिली नव्हती. मग दावा बुडाला का? नाही. नोटीस लेखी नसली किंवा सदोष असली, तरी त्या सुमारास मालकाला किंवा त्याच्या वतीने तो विभाग सांभाळणाऱ्याला घटना अन्य मार्गाने कळलेली असेल, तर दावा टिकतो. दाव्याची मुदत दोन वर्षांची. आजारात ती त्या आजारामुळे सलग रजा सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, आणि योग्य कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना त्या दिवशी फोनवर पाठवलेला एखादा निरोप, औषध विभागातली नोंद, ड्यूटी बदलून दिल्याचा हजेरीपट, यांतले जे असेल ते आजच शोधून त्याच्या प्रती घरी ठेवाव्यात.