प्रोसेसरची गती आणि उष्णतेचा जमाखर्च

सन 1998 च्या ऑगस्ट महिन्यात इंटेल कंपनीने सेलेरॉन 300ए नावाचा एक स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला, तेव्हा बेताच्या ऐपतीच्या गिऱ्हाइकासाठी काढलेला हा दुय्यम माल आपल्याच महागड्या मालाशी टक्कर देईल, अशी अपेक्षा कंपनीच्या कारभाऱ्यांनी बहुधा केली नसावी. 300 मेगाहर्ट्झ गतीने चालण्याचा ज्याला परवाना होता तो हा प्रोसेसर, मदरबोर्डच्या बसची गती 66 वरून 100 मेगाहर्ट्झवर नेताच, 4.5 या कायम मल्टिप्लायरच्या गुणाकाराने 450 वर जाऊन पोहोचे. आणि पुष्कळ नगांच्या बाबतीत तो तेथे निर्धास्त टिकून, कितीतरी अधिक किमतीच्या पेंटियम टूच्या पंक्तीला बसे.

प्रोसेसरवर गतीचा जो आकडा छापलेला असतो तो कारखानदाराच्या हमीचा असतो, हे त्या चमत्कारामागचे कारण. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेले तुकडेही गुणांनी सारखे निघत नाहीत. त्यांतला सामान्य नगसुद्धा साध्या पंख्याखाली वर्षानुवर्षे बिनचूक चालावा एवढी तजवीज ठेवून तो आकडा ठरवला जातो, आणि चांगल्या नगांच्या अंगी त्याहून जे अधिक बळ शिल्लक राहते ते कामी लावण्याचा खटाटोप म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ते बळ किती, हे मात्र नग घरी आणल्यावरच कळते. म्हणून मित्राच्या प्रोसेसरने जी गती सहज पेलली ती आपल्यालाही मिळालीच पाहिजे, असा दावा कोणास सांगता येत नाही.

या व्यवहारात खर्चाची बाजू उष्णतेची आहे, आणि उत्साही माणसाचा हिशेब नेमका तेथेच चुकतो. प्रोसेसर काम करताना जी वीज खातो ती गतीच्या समप्रमाणात वाढते. पण व्होल्टेजच्या बाबतीत ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती 10 टक्क्यांनी वाढवली आणि ती स्थिर राहावी म्हणून व्होल्टेजही 10 टक्क्यांनी चढवले, तर 1.1 चा घन म्हणजे सुमारे 1.33, अर्थात उष्णता जवळजवळ एक तृतीयांशाने अधिक. आणि पदरात पडणारा लाभ फार तर दहा टक्क्यांचा! शिवाय चढे व्होल्टेज आणि चढे तापमान ही जोडी प्रोसेसरच्या आयुष्यालाही हळूहळू कात्री लावते. म्हणून व्होल्टेजला हात न लावता जेवढी गती मिळेल तेवढ्यावर समाधान मानणे, हाच रोजच्या वापरासाठी माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग होय.

जानेवारी 2011 मध्ये आलेला कोअर आय5-2500के हा या मार्गाचा उत्तम नमुना. चार कोअरच्या या प्रोसेसरची मूळ गती 3.3 गिगाहर्ट्झ, नावातले शेवटचे अक्षर मल्टिप्लायर बदलण्याची मुभा दर्शविते, आणि योग्य मदरबोर्ड व बऱ्यापैकी कूलर असेल तर 4 गिगाहर्ट्झ ही त्याच्यासाठी अवघड मजल नव्हे. बायोसमध्ये जाऊन मल्टिप्लायर एकेका पायरीने चढवावा, प्रत्येक पायरीवर प्राइम95 हा प्रोग्राम काही तास चालवावा, आणि पूर्ण भाराखाली तापमान 80 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की तेथेच थांबावे. प्राइम95 हा मुळात मर्सेन मूळसंख्यांच्या शोधासाठी लिहिलेला. पण त्याच्या कसोटीत आलेले उत्तर आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडून पाहिले जाते, म्हणून प्रोसेसरची बारीकशी चूकही तेथे उघडकीस येते. संगणक हँग झाला तर निदान आपल्याला कळते. खरा धोका आहे तो हँग न होता चुकीचे आकडे मुकाट्याने दप्तरी नोंदवणाऱ्या संगणकाचा. घेतलेली गती न मानवल्याने यंत्र सुरूच झाले नाही, तर मदरबोर्डवरील सीमॉस मोकळे करून मूळ व्यवस्था परत आणता येते.

आपल्याकडील हवामानाचाही विचार केला पाहिजे. पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही; तेव्हा नागपूर-चंद्रपुराकडे डिसेंबरात उत्तीर्ण झालेली गती मे महिन्यात नापास होण्याचा संभव पुष्कळ. कसोटी उन्हाळ्यातच घ्यावी, आणि हीटसिंकवरची धूळ त्याआधी झाडावी.

2008 पासून इंटेलने टर्बो बूस्टचा अंमल सुरू केला, आणि आजचे प्रोसेसर, मग ते इंटेलचे असोत वा एएमडीचे, तापमान व वीज पाहून आपली गती आपणच चढवतात. माणसाच्या हातून मिळवण्यासारखे त्यांत थोडेच उरले आहे. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये तर कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज किंचित उतरवूनच अधिक लाभ पदरात पडतो. अतिरिक्त व्होल्टेज किती महागात पडते हे इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांनी 2024 मध्ये दाखवून दिले. जादा व्होल्टेजचा तो दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीला नवा मायक्रोकोड काढावा लागला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. ओव्हरक्लॉकिंगने झालेल्या हानीला मात्र कंपनीची हमी सहसा लागू होत नाही.

पत्रव्यवहार, हिशेब आणि चित्रपट एवढ्यासाठीच संगणक असेल तर हा खटाटोप करू नये. त्यासाठी लागणारे पैसे एसएसडी किंवा अधिक रॅमवर घालावेत, फरक पहिल्याच दिवशी दिसेल. व्हिडिओ संपादनासारखे जड काम जुन्या यंत्रावर करणाऱ्याने हा खटाटोप अवश्य करावा. पण पहिला आकडा बदलण्यापूर्वी बायोसमधील मूळ आकडे कागदावर टिपून घ्यावेत आणि सर्व कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवावी.