जुन्या चांदीच्या पाठीवरचे ठसे

आपल्याकडे घरातली चांदी जुनी झाली, की ती मोडीत घालण्याची चाल आहे. तबकाची कड चिरली, चमच्याची दांडी वाकली, की सोनाराकडे जावयाचे, वजन करावयाचे, आणि आलेल्या चांदीत नवे निरांजन किंवा नातीसाठी पैंजण घडवून आणावयाचे. यात वावगे काही नाही. पण मोडीत घालण्याआधी ती वस्तू एकदा उलटी करून पाहावी, एवढी माझी तुम्हांला विनंती आहे. विनंती अनुभवाची आहे, आणि तो अनुभव फारसा अभिमानाचा नाही.

आमच्या घरी विलायती घडणीचे सहा मोठे चमचे होते. त्यांपैकी पाच मीच मोडीत घातले आणि त्यांचे ताम्हन करून आणले. सहावा औषधांच्या कपाटात काढा मोजण्यासाठी ठेवलेला होता, म्हणून वाचला. पुढे एकदा भिंग हाताशी असताना सहज त्याची दांडी उलटून पाहिली, तर टोकाजवळ पाच बारीक ठसे एका ओळीत बसलेले. इतकी वर्षे मी त्यांना नक्षी समजत होतो! ते ठसे वाचावयाला मला दोन संध्याकाळ लागल्या. तुम्हांला तितका वेळ लागू नये.

आधी हे ठसे मुळात आले कशासाठी, ते पाहू. शुद्ध चांदी फार मऊ. भांडे टिकावयाचे तर तिच्यात थोडे तांबे मिसळावेच लागते. आता ते किती मिसळले, हे डोळ्यांना कळत नाही, आणि गिऱ्हाईक फसते ते इथेच. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १३०० साली कायदा केला, की चांदीची वस्तू राज्याच्या नाण्याच्या कसाहून हलकी असता कामा नये, म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी हवी. हाच तो ‘स्टर्लिंग’ कस. सोनारांच्या पंचांनी वस्तू तपासून तिच्यावर बिबळ्याच्या डोक्याचा छाप उठवावा आणि मगच ती कारागिराच्या हातून बाहेर पडावी, असे ठरले. १३६३ पासून कारागिराने आपला स्वतःचा ठसाही उमटवावा, असा नियम झाला. १४७८ पासून लंडनच्या सोनारांच्या सभागृहात पगारी परीक्षक बसू लागला आणि सर्व माल तेथे नेऊन तपासून घेणे भाग पडले. सभागृह म्हणजे ‘हॉल’. त्या हॉलात उठवलेली खूण, ती ‘हॉलमार्क’.

परीक्षा होई ती अशी. वस्तूची थोडीशी खरवड काढावयाची, ती काटेकोर तोलावयाची, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून हाडांच्या राखेच्या लहानशा मुशीत घालून भट्टीत लोटावयाची. शिसे आणि तांबे ती मूस शोषून घेते, आणि तळाशी उरतो निव्वळ चांदीचा मणी. तो पुन्हा तोलला, की कस कळला. उतरला तर ठसे, न उतरला तर ती वस्तू तिथल्या तिथे ठोकून मोडून मालकाच्या हाती परत. आपल्या जुन्या सोनारांना ही विद्या नवी नव्हे. इंग्लंडातला विशेष एवढाच, की घडवणारा एक आणि कस लावणारा दुसरा. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावयाचे कारण उरले नाही.

आता माझा चमचा हाती घेऊ. पहिला ठसा चालत्या सिंहाचा, पुढचा पंजा उचललेला. हा १५४४ पासून इंग्लंडातल्या स्टर्लिंग कसाची खूण म्हणून चालत आला आहे. सिंह दिसला, म्हणजे वस्तू इंग्लंडात तपासलेली आहे, एवढे मानावयास हरकत नाही. दुसरा ठसा गावाचा. लंडनचा म्हणजे तो बिबळ्या. अर्थात बिबळ्याचे ठिपके शोधू नका. जुन्या चिन्हांच्या भाषेत समोरून पाहणाऱ्या सिंहालाच बिबळ्या म्हणत. माझ्या चमच्यावरच्या बिबळ्याच्या डोक्यावर मुकुट होता. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे कामास येणार आहे.

तिसरा ठसा म्हणजे एक अक्षर, रोमन लिपीतला मोठा ‘ए’. हे सालाचे अक्षर. दरवर्षी मे महिन्यात लंडनला अक्षर बदले. ‘ए’पासून ‘यू’पर्यंत, मधला ‘जे’ गाळून, वीस अक्षरे. वीस वर्षे संपली, की पुन्हा ‘ए’, मात्र अक्षराचे वळण किंवा भोवतीच्या ढालीचा आकार वेगळा. बेत चांगला, पण शेकडो वर्षांत वळणे किती निराळी करणार? मोठा साधा ‘ए’ लंडनने १७९६ सालीही वापरला आणि १८७६ सालीही. ऐंशी वर्षांचे अंतर! पैकी आपला कोणता?

इथे नुसते अक्षर पाहून भागत नाही. चौथा ठसा पाहावयाचा. तो राजाच्या मस्तकाचा. १७८४ साली सरकारने चांदीच्या भांड्यांवर औंसाला सहा पेन्स कर बसवला, आणि कर भरल्याची पावती म्हणून गादीवर असलेल्या राजाचे डोके वस्तूवर उमटू लागले. १८९० साली कर उठला, तशी डोकीही गेली. म्हणून ज्या इंग्रजी चांदीवर राजाचे किंवा राणीचे डोके आहे, ती बहुतेक या १०६ वर्षांतली. व्हिक्टोरिया राणीचे तोंड डावीकडे असते. माझ्या चमच्यावरचा राजा उजवीकडे पाहत होता, तो तिसरा जॉर्ज. शिवाय लंडनच्या बिबळ्याचा मुकुट १८२१ साली काढून टाकला गेला, आणि माझ्या बिबळ्याचा मुकुट शाबूत. तेव्हा साल १७९६ ठरले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात दुसरा बाजीराव पेशवेपदावर बसला. तेवढ्या जुन्या चमच्याने आम्ही काढा मोजत होतो, आणि त्याच्या पाच भावंडांचे ताम्हन झाले होते.

पाचवा ठसा कारागिराचा: वर ‘पी. बी.’, खाली ‘ए. बी.’. हे पीटर आणि अ‍ॅन बेटमन. या घराण्याची कथा सांगण्यासारखी आहे. हेस्टर बेटमन नावाची बाई १७६० साली विधवा झाली. पुढच्याच वर्षी तिने लंडनच्या सभागृहात स्वतःच्या नावाचा ठसा नोंदवला आणि मुलांना हाताशी धरून पेढी नावारूपाला आणली. तिला लिहितावाचता येत नसावे, असे मानतात. तिच्या पाठीमागे पीटर आणि जोनाथन ही मुले आली. जोनाथन लवकरच वारला आणि त्याच्या जागी १७९१ साली त्याची विधवा अ‍ॅन दिराच्या भागीदारीत उभी राहिली. ही सारी हकीकत दोन ओळींच्या चार अक्षरांतून निघाली, कारण सभागृहाची नोंदवही शाबूत आहे आणि तिच्यावरून केलेली ठशांची कोष्टके छापून झालेली आहेत.

गाव लंडन नसले तर? एडिंबरोचा तीन बुरुजांचा किल्ला, चेस्टरच्या गव्हाच्या पेंढ्या आणि तलवार, डब्लिनची मुकुट घातलेली वीणा, ग्लासगोचे झाड-पक्षी-मासा-घंटा, अशी ज्याची त्याची खूण. शेफील्डची खूण १९७४ पर्यंत मुकुट होती. पुढे गुलाब आला. आणि नांगर दिसला, तर ते गाव बंदर असेल असे समजू नका. नांगर बर्मिंगहॅमचा, आणि बर्मिंगहॅम समुद्रापासून चांगले आत आहे! वाफेच्या यंत्रातला जेम्स वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन तेथे चांदीचा माल करी. तपासणीसाठी तो माल दूर चेस्टरला पाठवावा लागे आणि वाटेत पोचे पडत. त्याने खटपट करून १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन्ही गावांसाठी कचेऱ्या मंजूर करवून घेतल्या. लंडनमध्ये ही खटपट चालू असताना बैठका ‘मुकुट आणि नांगर’ नावाच्या खानावळीत होत, त्यावरून दोन गावांनी दोन खुणा वाटून घेतल्या, अशी आख्यायिका आहे. प्रत्येक गावाचे अक्षरांचे चक्र निराळे, हेही विसरू नका. शेफील्डने तर १८२४ पर्यंत अक्षरे क्रमानेसुद्धा वापरली नाहीत. म्हणून आधी गाव, मग साल.

बसलेल्या बाईचा ठसा दिसला तर मात्र जरा थांबा. चांदीची नाणी कातरून आणि वितळवून भांडी करण्याचा सपाटा चालला, तेव्हा १६९७ साली सरकारने भांड्यांचा कस नाण्याच्या वर नेला, हजारात सुमारे ९५८. त्याची खूण ब्रिटानिया, ढाल घेऊन बसलेली. १७२० साली हा आग्रह सुटला, तरी तो वरचा कस ऐच्छिक म्हणून राहिला. पण डब्लिनवरही १७३० पासून अशीच एक बसलेली बाई आहे, हायबर्निया. तिच्याजवळ वीणा असते.

आता लबाडीकडे येऊ, कारण खिशाला चाट बसते ती इथे. सर्वांत साधी फसगत म्हणजे चार चौकटींतली चार अक्षरे: ‘ई. पी. एन. एस.’. दुरून पाहिले तर हुबेहूब हॉलमार्क. अर्थ मात्र एवढाच, की निकेल-तांबे-जस्ताच्या मिश्रणावर विजेने चांदीचा मुलामा दिला आहे. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने १८४० साली या कृतीचे पेटंट घेतले, आणि मग घरोघर असे चहाचे संच गेले. आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो तेच आतले मिश्रण. त्यात चांदी औषधालाही नाही. ‘आजोबांची विलायती चांदी’ म्हणून वाटणीत भांडण झालेले ट्रे पुष्कळदा या जातीचे निघतात.

दुसरी लबाडी अधिक नाजूक. १७२० साली पहिल्यांदा वजनावर कर बसला, तेव्हा काही कारागीर एखादी लहानशी वस्तू तपासून घेत, तिच्यावरचे ठसे कापून काढीत आणि मोठ्या जड भांड्याच्या बुडाला डाख लावून बसवीत. कर वाचला! खुद्द पॉल द लामेरी या नामांकित कारागिराकडेही या बाबतीत बोट दाखवले जाते. पुढे हीच युक्ती नव्या भांड्याला जुने साल चिकटवण्यासाठी वापरली गेली. तेव्हा ठशांभोवती सांध्याची रेघ दिसते का, ते पाहा. भांड्यावर तोंडाने वाफ सोडली, की अशी रेघ उमटून दिसते.

इंग्लंडबाहेरचे थोडक्यात सांगतो. फ्रान्सच्या चांदीवर १८३८ पासून शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा, जर्मनीच्या चांदीवर १८८८ पासून चंद्रकोर, मुकुट आणि बहुधा ८०० हा आकडा. रशियाचा नेहमीचा कस ‘८४’. त्यांच्या मापात पूर्ण कस ९६चा, म्हणून हा हजारात ८७५ पडतो. अमेरिकेत सरकारी तपासणी नव्हतीच. तेथे नुसता ‘स्टर्लिंग’ शब्द आणि पेढीचे नाव.

आपल्याकडेही ब्रिटिश अमदानीत अशी कचेरी नव्हती. कलकत्त्याची हॅमिल्टन पेढी आपल्या मालावर हत्ती आणि अक्षरे उठवी. भूजच्या ऊमरसी मावजीचा बारीक वेलबुट्टीचा माल रोमन ‘ओ. एम.’ या अक्षरांवरून ओळखतात. हे ठसे घडवणाऱ्याचे किंवा विकणाऱ्याचे. तिऱ्हाइताने कस लावल्याची खूण नव्हे. तरी वस्तू कोणत्या गावची आणि कोणाच्या हातची, हे त्यांवरून कळते आणि संग्राहक ते मोलाचे मानतात. भारतीय मानक ब्यूरोची चांदीची हॉलमार्क योजना आली ती २००५ साली.

शेवटी पाहावयाचे कसे आणि कुठे, ते सांगतो. चमच्यांवर ठसे दांडीच्या पाठीशी. साधारण १७८० पूर्वीचे असतील तर वाटीच्या बाजूला, नंतरचे असतील तर टोकाकडे. भांड्यांच्या बुडाशी किंवा काठाखाली, आणि झाकण सुटे असेल तर झाकणावरही. दोन्हींवरची अक्षरे जुळतात का ते पाहा. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरे. उजेड बाजूने पडू द्या. आणि कृपा करून आधी रांगोळीने घासून लख्ख करू नका. आमच्या चमच्यावरचा सिंह अर्धा पुसट झाला आहे तो आमच्याच घरच्या रांगोळीने. खळग्यांत बसलेला काळेपणा तसाच राहू द्या. ठशाच्या रेषा त्याच्यामुळेच वाचता येतात.