सांतियागो रामोन इ काहाल : चेतापेशींचा चित्रकार

जन्म १ मे १८५२, पेतिया, स्पेन. मृत्यू १७ ऑक्टोबर १९३४, माद्रिद.

काळी प्रक्रिया : इटलीच्या कामिलो गोल्जी यांची १८७३ मधली रंगपद्धत. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेटमुळे मेंदूच्या कापातल्या मोजक्याच पेशी पूर्ण काळ्या होतात, बाकीच्या रंगत नाहीत. सगळ्या रंगल्या असत्या, तर नुसता काळा गुंता दिसला असता. पद्धतीचे बळ या अपुरेपणातच आहे. काहाल यांनी ती १८८७ मध्ये पाहिली आणि सुधारली : कोवळ्या व भ्रूणावस्थेतल्या प्राण्यांचे मेंदू घेतले, रंगाची प्रक्रिया दोनदा केली. दिसले ते हाताने रेखाटले.

मतभेद : गोल्जी म्हणत, मज्जासंस्था हे एकसंध जाळे. काहाल यांच्या मते प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र. १९०६ चे नोबेल मात्र दोघांना विभागून.

न्यूरॉन : चेतापेशीसाठी हा शब्द विल्हेल्म वाल्डायर यांनी १८९१ मध्ये रूढ केला.

पुरावा : दोन चेतापेशींमधली फट सुमारे २० नॅनोमीटर, साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर. म्हणून ती फट १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातूनच दिसली, आणि चेतापेशी स्वतंत्र असल्याच्या काहाल यांच्या मताला पुरावा मिळाला.