मारव्याची हुरहूर आणि तीन खर्डे

संगीताला शब्दकोश नाही. ‘झाड’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे झाड उभे राहते. कोमल रिषभ ऐकून मात्र अमुकच एक वस्तू आठवेल असे नाही. तरीही सूर्यास्ताच्या वेळी मारवा राग सुरू झाला की मैफलीत एक हुरहूर शिरते. ती येते कुठून, हा संगीतविचारातला जुना प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर लिहायला बसले की कळते, ऐकलेले पहिल्या बैठकीत कागदावर उतरत नाही. त्यासाठी खर्ड्यामागून खर्डे करावे लागतात.

भरताच्या नाट्यशास्त्रात या प्रश्नाचे एक थेट उत्तर सापडते. तिथे स्वरांना रस वाटून दिले आहेत: मध्यम आणि पंचम शृंगार व हास्यासाठी, षड्ज आणि ऋषभ वीर, रौद्र व अद्भुतासाठी, गांधार आणि निषाद करुणासाठी, तर धैवत बीभत्स व भयानकासाठी. याच्या अगदी उलट टोकाला व्हिएन्नाचे समीक्षक एदुआर्ट हान्सलिक होते. संगीताचा आशय म्हणजे भावना नव्हे, तर नादांच्या हलत्या आकृती, असे त्यांनी १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. एका मतात अर्थ सुट्या स्वरात आहे, दुसऱ्यात तो केवळ रचनेत आहे.

रागसंगीतापुढे सुट्या स्वराची बाजू लंगडी पडते. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम आहेत, पंचम तिघांतही वर्ज्य आहे. सामग्री एकच असून तिघांची प्रकृती मात्र वेगळी. मारव्यात जोर रिषभ आणि धैवतावर असतो. पूरिया गांधार आणि निषादावर रेंगाळतो आणि मंद्र सप्तकात रमतो. सोहनीचा जीव तार षड्जाभोवती घुटमळतो. भूप आणि देशकार यांचेही तसेच. दोघांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर. पण गांधाराला मान दिला की रात्रीच्या पहिल्या प्रहरीचा भूप होतो, धैवताला दिला की सकाळचा देशकार. स्वर कुठे थांबतो, कुठून येतो आणि कशाला बगल देतो, यावर अर्थ ठरतो.

मारव्यात बगल दिली जाते ती षड्जालाच. पंचम वर्ज्य असल्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार बहुधा निषादात लावतात. उरलेल्या तारा षड्जाच्या. म्हणजे मुक्कामाचा स्वर कानांत अखंड घुमत असतो, आणि गळा मात्र त्याच्या अवतीभवती फिरत राहतो. बऱ्याच वेळाने षड्ज लागतो तेव्हा घरी पोचल्यासारखे वाटते, पण तिथेही फार वेळ टेकता येत नाही. लियोनार्ड मेयर या अमेरिकी विचारवंतांनी १९५६ सालच्या ग्रंथात यालाच महत्त्व दिले: संगीत श्रोत्याच्या मनात अपेक्षा जागवते, ती लांबवते, मोडते किंवा पुरी करते, आणि भावना त्यातून उपजते. तालातही हेच घडते. तिहाई सुरू होताच जाणता श्रोता समेची वाट पाहू लागतो आणि सम आली की त्याची मान आपोआप हलते.

शब्द असले की अर्थ निश्चित होतो, असेही नाही. ख्यालाची बंदिश बहुधा चार-सहा ओळींची असते आणि विस्तारात तिचे बोल आलाप-तानांत विरून जातात. ठुमरीत एकाच ओळीतून लाडीगोडी, रुसवा, विनवणी अशा छटा निघतात. शब्द तेच, उच्चार आणि स्वरांचे वळण बदलते. तराण्यात तर रूढ अर्थाचे शब्द जवळजवळ नसतातच.

याखेरीज काही अर्थ सवयीने येतो. मैफलीत भैरवी सुरू झाली की कार्यक्रम संपत आला हे मराठी श्रोत्याला सांगावे लागत नाही, परक्या श्रोत्याला मात्र त्याचा पत्ता नसतो. मग सगळाच अर्थ सवयीचा का? कॅमेरूनमधल्या माफा लोकांवरील अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य संगीत कधीच न ऐकलेल्या या श्रोत्यांना त्या संगीतातले आनंदी, दुःखी आणि भयसूचक तुकडे केवळ अंदाजाने जमेल त्यापेक्षा अधिक वेळा ओळखता आले. म्हणजे काही अर्थ संस्कृतीची वेस ओलांडतो, काही गावातच राहतो.

अर्थ असा अनेक ठिकाणी विखुरलेला असल्यामुळे त्याविषयीचे लेखन टप्प्याटप्प्यानेच जमते. पहिल्या खर्ड्यात बहुधा एवढेच उतरते: ‘मारवा ऐकून मन उदास झाले.’ वाक्य खोटे नाही, पण ते श्रोत्याविषयी आहे, मारव्याविषयी नाही. तरीही ते खोडू नये. नेमके काय शोधायचे हे त्यातूनच कळते.

दुसऱ्या खर्ड्याआधी तेच ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे लागते. आता प्रत्येक विशेषणाला पुरावा मागायचा: उदास कशामुळे? मग कागदावर येते: ‘गायक रिषभ आणि धैवतावर वारंवार थांबतो, षड्ज टाळतो.’ यात निरीक्षण आहे, पण भावना गळून गेली.

तिसऱ्या खर्ड्यात दोन्ही जोडायचे: ‘तानपुऱ्यात षड्ज सतत घुमतो आणि गळा त्याला टाळत राहतो, घर समोर दिसत असून आत जाता येऊ नये, तशी हुरहूर त्यातून येते.’ यावर शंकाही घेता येते. पूरियातही षड्ज टाळतात, मग तिथे ही हुरहूर तितकी तीव्र का नाही? उत्तरासाठी पूरिया ऐकावा लागतो, आणि रिषभ-धैवतावरचा जोर किती महत्त्वाचा आहे ते तेव्हा ध्यानात येते. खर्डा बदलतो तो असा. भाषा घोटून गुळगुळीत करणे हे त्यानंतरचे आणि सोपे काम.

प्रश्नांनी विषय पुढे नेण्याची ही रीत मराठीला नवी नाही. विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे मराठी खंड गुरुशिष्यांच्या संवादातच लिहिले. रचनाकारही खाडाखोडीतून सुटत नाहीत. बेथोव्हनच्या टिपणवह्यांत एकेक सुरावट कितीदा मोडून पुन्हा बांधलेली दिसते. संगीतावर लिहिणाऱ्याच्या कामात भर पडते ती एवढीच, की दर खर्ड्यानंतर त्याला कागद बाजूला ठेवून पुन्हा ऐकायला बसावे लागते.