भडक आमिषाची कैफियत

अचलपुराहून एका वाचकांचे पत्र आले आहे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बोटभर मासा कोरून, त्याच्या पोटाशी गळ बसवून, सापन आणि बिच्छन या नद्यांच्या डोहांत मरळ धरण्याचा त्यांना छंद आहे. आणि त्यांचा अनुभव असा की, एकेक खवला मन लावून रंगविलेला रुपेरी मासा दिवसभर नुसता भिजत राहतो, तर घरातल्या मुलीने उरल्यासुरल्या रंगांनी गंमत म्हणून माखलेला, काळ्या अंगावर केशरी पट्टे मिरविणारा, सृष्टीत कोठेही नसलेला प्राणी तासाभरात मरळीच्या जबड्यात जातो. ‘मासा रंगांधळा समजावा, की त्याची अभिरुचीच बिघडली आहे?’ असा त्यांचा सवाल आहे. डोळ्याला ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलखातून माशाच्या डोयाविषयी अशी पृच्छा यावी, याचा मला आनंद वाटला.

माशाच्या जिभेची चौकशी आपल्या दख्खनमध्ये फार पूर्वी झालेली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’, शके 1051 चा, आपण त्यातील जुन्या मराठी पदांसाठी आठवतो. पण त्यातल्या मत्स्यविनोदाच्या प्रकरणात कोणत्या जातीच्या माशाला कोणते खाद्य घालावे, हेही राजाने नोंदवून ठेवले आहे, आणि प्राणिशास्त्रज्ञांपुढे तो दस्तऐवज 1951 मध्ये मांडला तो सुंदरलाल होरा यांनी. डोळ्याचा खटला मात्र विसाव्या शतकात म्यूनिकला उभा राहिला.

त्या खटल्यातील एका बाजूस कार्ल फॉन हेस हे नामांकित नेत्रवैद्य होते. त्यांनी अंधाऱ्या खोलीत माशांच्या टाकीवर वर्णपट पाडला. मासे पिवळ्या-हिरव्या भागाकडे, म्हणजे पूर्णपणे रंगांधळ्या मनुष्याला जो भाग सर्वांत उजळ दिसतो नेमक्या त्याच भागाकडे, गोळा झाले. तेव्हा सारी मत्स्यजात रंगांधळी, असा निवाडा त्यांनी देऊन टाकला. त्यांच्याहून तेवीस वर्षांनी लहान असलेल्या कार्ल फॉन फ्रिश या प्राणिशास्त्रज्ञाला हे पटेना. उजेडाकडे धाव घेणारा मासा रंगाची पर्वा करीत नसेल. पण भुकेलेला मासाही करीत नाही कशावरून? त्याने एका चिमुकल्या नदीमाशाला विशिष्ट रंगाच्या कागदापाशी खाऊ देण्याची सवय लावली, आणि मग तो कागद पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या करड्या छटांच्या रांगेत, खाऊ न ठेवता, मांडला. मासा रंगांधळा असता तर एखाद्या तरी करड्या कागदाशी त्याची गफलत झाली असती. ती झाली नाही. हेस संतापले आणि तरुणावर तुटून पडले; परंतु साक्ष माशानेच दिलेली असल्यामुळे तिची उलटतपासणी घेणे कठीण होते. याच फ्रिशने पुढे शिटी वाजवताच धावत येणारा मासा शिकवून मासे बहिरे असल्याचा प्रवादही मोडून काढला. 1973 चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले आणि जग त्याला मधमाश्यांचा मनुष्य म्हणून ओळखू लागले. त्याच्या माशांचे नाव कोणी घेत नाही, हे मला नेहमीच थोडे बोचते.

तेव्हा मासा रंग पाहतो. परंतु कोणता रंग, हे पाणी ठरविते. खोलवर गेले की लाल रंग प्रथम लोपतो, असे गळसामान विकणाऱ्यांच्या रंगीत तक्त्यांत छापलेले असते. निर्मळ समुद्रात ते खरे आहे. श्रावणातल्या पूर्णा नदीच्या गढूळ पाण्याला तो कायदा लागू होत नाही. कोऱ्या चहाचा पेला उन्हासमोर धरून पाहा: निळा प्रकाश आतच गिळला जातो आणि पलीकडे येतो तो पिवळसर-तांबडा. गाळ आणि कुजलेला पाला यांनी भरलेल्या पाण्यातही तेच घडते. पुष्कळशा गोड्या पाण्यातील माशांच्या डोळ्यांतील रंगद्रव्य ‘अ-2’ जीवनसत्त्वापासून बनते आणि त्यामुळे त्यांची दृष्टी तांबड्याकडे झुकलेली असते, हा जॉर्ज वॉल्ड यांचा शोध तक्ते छापणाऱ्यांच्या दप्तरी अद्याप दाखल झालेला दिसत नाही.

पण पत्रातील कोड्याचे खरे उत्तर मला एका चित्रकाराजवळ सापडते. ॲबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने 1896 मध्ये दाखवून दिले की, प्राण्याची पाठ गडद आणि पोट फिके असते ते वरून पडणाऱ्या उजेडाने निर्माण होणारी छाया पुसून टाकण्यासाठी. म्हणजे माशाचा नैसर्गिक रंग हा त्याचा अलंकार नव्हे, तर फरारी होण्याचा परवाना आहे. आमचे पत्रलेखक खवल्यांमागून खवले रंगवीत होते, तेव्हा ते मोठ्या कसोशीने अदृश्य होण्याची कलाच हुबेहूब उतरवीत होते! मुलीच्या हातून नकळत उलट घडले: खालून पाहणाऱ्या मरळीला उजळ आकाशापुढे ते काळे अंग ठळक दिसले, आणि तांबूस पाण्यातही केशरी पट्टा उठून आला. रुपेरी आमिष सर्वत्र निरुपयोगी, असे मात्र कोणी समजू नये. फिनलंडच्या लौरी रापाला या कोळ्याने 1936 मध्ये बुचाचा मासा कोरून त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि त्यावर फोटोच्या फिती वितळवून मुलामा चढविला, तो त्याच्या सरोवरांत उत्तम चालला. पण त्याचे खरे यश जखमी माशासारख्या डगमगत्या चालीत होते.

शिवाय केशरी रंग सृष्टीत नाही, हे म्हणणेही पुरते खरे नव्हे. मरळीची नवजात पिले तांबूस-केशरीच असतात; पावसाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर त्यांचा थवा एखाद्या हलत्या गोळ्यासारखा दिसतो आणि आईबाप खाली पहारा देत असतात. त्या दिवसांत जवळ येणाऱ्या वस्तूवर मरळ झेपावते ती भुकेने नव्हे, रक्षणासाठी. आणि ती गळाला लागली की पिलांचा गोळा तासाभरात इतर माशांच्या पोटात जातो. पत्रलेखकांना माझी एवढीच विनंती आहे की, तसा तांबूस थवा डोहावर दिसला, तर मुलीने रंगविलेला तो मासा त्या दिवशी पिशवीतच राहू द्यावा.